वीस अक्षरं आणि हरवलेली कबर

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका दगडी पेटीविषयी बोलायचं आहे. पेटी चुनखडीची, लांबी जेमतेम अर्धा मीटर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात जेरुसलेमच्या परिसरातले ज्यू लोक मृतदेह खडकात खोदलेल्या कबरीत ठेवायचे आणि साधारण वर्षभरानं हाडं गोळा करून अशा पेटीत भरायचे. शरीरातलं सगळ्यांत लांब हाड मांडीचं. ते मावेल एवढी पेटी केली की काम झालं. सन 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेम उद्ध्वस्त केलं आणि तिथली ही चाल जवळजवळ थांबली.

अशा अस्थिपेट्या इस्राएलमध्ये शेकड्यांनी मिळाल्या आहेत. पण या पेटीच्या एका बाजूवर अरामी भाषेत वीस अक्षरं कोरलेली आहेत: ‘याकोब, योसेफाचा मुलगा, येशूचा भाऊ’.

21 ऑक्टोबर 2002 रोजी वॉशिंग्टनमध्ये ही पेटी जगासमोर जाहीर झाली. फ्रेंच लिपितज्ज्ञ आंद्रे लमेर यांनी तो लेख वाचला होता आणि अस्सल मानला होता. बायबलच्या नव्या करारात येशूचा भाऊ म्हटलेला याकोब हा जेरुसलेमच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीचा पुढारी. सन 62 च्या सुमारास त्याला दगडमार करून मारलं, असं ज्यू इतिहासकार जोसेफस लिहितो. पेटी त्याचीच असेल, तर येशूचं नाव कोरलेली एवढी जुनी वस्तू पहिल्यांदाच हाती आली होती. टोरोंटोच्या संग्रहालयाकडे जाताना वाटेत पेटीला तडे गेले, ते सांधले, आणि ती पाहायला लोकांनी गर्दी केली.

याकोब, योसेफ, येशू ही त्या काळातली अगदी नेहमीची नावं. बाप योसेफ आणि भाऊ येशू असलेले याकोब त्या काळात जेरुसलेममध्ये वीसेक तरी असावेत, असा हिशेब खुद्द लमेर यांनीच मांडला होता. मात्र अस्थिपेटीवर भावाचं नाव घालणं फार दुर्मीळ. भाऊ नामांकित असल्याशिवाय ते कोण कशाला कोरेल, हा त्यांचा मुद्दा, आणि मला तो आजही वजनदार वाटतो. पेटीवर आईचं नाव नाही. त्यामुळे येशूला सख्खे भाऊ होते की नव्हते, या कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मंडळींच्या जुन्या मतभेदावर पेटी अस्सल ठरली तरी काही निकाल देत नाही.

पेटी होती तेल अवीवचे संग्राहक ओदेद गोलान यांच्याकडे. 1970 च्या दशकात जेरुसलेमच्या एका व्यापाऱ्याकडून ती घेतली, असं त्यांचं म्हणणं. तारखेला महत्त्व आहे, कारण इस्राएलच्या 1978 च्या कायद्यानुसार त्यानंतर सापडलेली प्रत्येक पुरावस्तू सरकारची. पण ती कोणत्या कबरीतून निघाली, शेजारी काय होतं, आत कोणाची हाडं होती, याची नोंद कुठेच नाही. पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

जून 2003 मध्ये इस्राएलच्या पुरातत्त्व प्राधिकरणाच्या समितीनं निकाल दिला: पेटी जुनी, लेख बनावट. दगडावर शतकानुशतकं क्षारांचा थर चढत जातो, त्याला पॅटिना म्हणतात. अक्षरांतल्या थरातला ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा, म्हणजे हलक्या-जड अणूंचा, मेळ जेरुसलेमच्या थंड कबरींशी जुळत नाही. खडूची पूड गरम पाण्यात कालवून तो नव्यानं चोपडला असावा, असा तर्क युवाल गोरेन आणि अव्नेर आयलोन यांनी मांडला. त्याआधी इस्राएलच्याच भूशास्त्र सर्वेक्षणातल्या शास्त्रज्ञांना लेखात खोट दिसली नव्हती. काही अभ्यासक म्हणाले, ‘योसेफाचा मुलगा’ इथपर्यंत जुनं आणि ‘येशूचा भाऊ’ मागाहून जोडलेलं. लिपितज्ज्ञ आदा यार्देनी यांना मात्र सगळी अक्षरं एकाच हातची दिसली.

डिसेंबर 2004 मध्ये गोलान यांच्यावर बनावटीचा आरोप ठेवला गेला. खटला वर्षानुवर्षं चालला. बचाव पक्षानं पेटीचा जुना फोटो पुढे केला आणि तो 1970 च्या दशकातल्या कागदावरचा असल्याची साक्षही झाली; म्हणजे लेख तेव्हाही पेटीवर होता, असा त्यांचा दावा. पोलिसांच्या प्रयोगशाळेनं लेखाचा ठसा घेण्यासाठी लाल सिलिकॉन वापरलं होतं. ते उचलताना अक्षरांतला थरही उचकटून आला. म्हणजे ज्यावर सगळा वाद, तो पुरावाच तपासात बिघडला. हे वाचताना जीव कळवळतो. दोन हजार वर्षांचा थर पुन्हा कोण चढवणार?

14 मार्च 2012 रोजी न्यायाधीश अहारोन फारकाश यांनी गोलान यांना बनावटीच्या आरोपातून मुक्त केलं. विनापरवाना व्यापारासारखे किरकोळ गुन्हे तेवढे शाबीत झाले. बनावट सिद्ध झाली नाही याचा अर्थ लेख अस्सल ठरला असा नाही, हेही न्यायाधीशांनी स्पष्ट केलं. बातम्यांत मात्र कुणी पहिलंच वाक्य घेतलं, कुणी दुसरंच.

आता याच्याशेजारी दुसरी पेटी ठेवून पाहा. 1990 मध्ये जेरुसलेमच्या दक्षिणेला बांधकाम चालू असताना एका कबरीचं छत कोसळलं. पुरातत्त्वज्ञ तिथे पोहोचले आणि तिथल्या बारा अस्थिपेट्यांची नोंद झाली. एका नक्षीदार पेटीवर ‘कयफाचा मुलगा योसेफ’ असं नाव होतं आणि आत साठीच्या आसपासच्या एका पुरुषाची हाडंही होती. कबरीत सन 42-43 चं राजा हेरोद अग्रिप्पाचं नाणं मिळालं. येशूला ज्याच्यापुढे उभं केलं तोच हा ज्यूंचा प्रमुख याजक कयफा का, यावर विद्वान आजही भांडतात. पण तो वाद निरोगी आहे, कारण लेख खरा की खोटा हा प्रश्नच तिथे उठत नाही.

याकोबाच्या पेटीला हे भाग्य लाभलं नाही, याचं मला मनापासून दुःख आहे. माझं मत विचाराल तर लेख अस्सल असण्याची शक्यता मी नाकारत नाही. मात्र ज्या वस्तूची जागाच बाजारानं पुसून टाकली, तिच्यावर इतिहासाचा मजला चढवायला मी तयार नाही, आणि श्रद्धेचा तर मुळीच नाही.

2015 मध्ये भूशास्त्रज्ञ आर्ये शिमरोन यांनी ती जागा शोधायचा प्रयत्न केला. जेरुसलेमच्या तालपियोत भागात 1980 मध्ये उघडलेल्या एका कबरीतली माती आणि पेटीतली माती यांचं रासायनिक साम्य जुळतं, असं त्यांनी सांगितलं. त्या कबरीत ‘योसेफाचा मुलगा येशू’ असा लेख असलेली पेटी होती, त्यामुळे पुन्हा मोठी खळबळ उडाली. पण ज्या फोटोनं गोलान यांना न्यायालयात आधार दिला, त्याची तारीख सांगितली जाते 1976. तो खरा, तर 1980 मध्ये कबर उघडण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी ही पेटी तिथून काढून नेली असं मानावं लागतं, आणि त्याचा माग अजून कुणालाही लागलेला नाही.

नमस्कार.