गाठीवरचे प्रथिन आणि बाटलीतला तुकडा

सुरगाण्याहून किंवा कळवणहून पहाटेच्या एस.टी.ने नाशिकला तपासणीसाठी येणाऱ्या एखाद्या बाईच्या पिशवीत जुने रिपोर्ट, भाकरीचा डबा आणि कधी कधी एक छोटी बाटलीही असते. बाटलीत, फॉर्मॅलिन या तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात, तिच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा असतो. गाठ कर्करोगाची आहे की नाही एवढेच त्यावरून कळत नाही, तर कोणते औषध त्या गाठीला लागू पडेल हेही त्याच तुकड्यावरून ठरते.

आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर निरनिराळी प्रथिने असतात आणि हर-टू हे त्यांपैकी एक आहे. निरोगी पेशीवर ते थोडे असते. पण स्तनाच्या सुमारे १५ ते २० टक्के कर्करोगांत त्याची दाटी होते आणि पेशीला वाढत राहण्याचा संदेश अखंड मिळतो. अमेरिकी संशोधक डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये या प्रथिनाच्या जनुकाचा आजाराच्या आक्रमकतेशी असलेला संबंध दाखवला, आणि १९९८ मध्ये हर-टूला चिकटणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅब या प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली.

पुढे याच प्रतिपिंडावर केमोचे जहाल रेणू बसवण्यात आले. ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकन या औषधात एका प्रतिपिंडावर असे सुमारे ८ रेणू असतात. प्रतिपिंड हर-टूला चिकटले की पेशी त्याला आत ओढून घेते, आतली विकरे जोड तोडतात आणि औषध तिथे मोकळे होऊन शेजारच्या, हर-टू कमी असलेल्या पेशींतही झिरपते. त्यामुळेच २०२२ मध्ये अमेरिकेत हर-टू अल्प प्रमाणात असलेल्या, शरीरात पसरलेल्या आजारासाठीही त्याला मान्यता मिळाली. मात्र या औषधाने फुफ्फुसांना गंभीर सूज येऊ शकते, म्हणून नवा खोकला किंवा धाप लागणे डॉक्टरांना त्याच दिवशी सांगितले पाहिजे.

हे सारे ज्या तपासणीवर उभे आहे, तिची चर्चा मात्र फार कमी होते, आणि आम्हाला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. रिपोर्टमध्ये हर-टूला त्याच्या प्रमाणानुसार ०, १+, २+ किंवा ३+ अशी चढती श्रेणी देतात. २+ हा काठावरचा निकाल आल्यास बहुधा फिश ही जनुकाची तपासणी करावी लागते. ही श्रेणी भरवशाची यावी यासाठी तुकडा काढल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये पडावा आणि त्यात ६ ते ७२ तास राहावा, असे निकष आहेत. घाटरस्त्याने आलेल्या बाटलीवर नावाखाली तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहिलेली असली, तर तुकडा किती तास भिजला हे प्रयोगशाळेतल्या माणसाला मोजता येते.