आजचं दूध कालचं नसतं

(दृश्य: नाशिक. पंचवटीतल्या एका प्रसूतिगृहाची खोली. स्टीलची वाटी, तळाशी पिवळसर थेंब. फक्त हात दिसतात.)

वाटीचा तळही नीट झाकला जात नाही, एवढंच. रंग पिवळा, बोटाला लावलं तर चिकट. पहिलटकरणीच्या सासूबाई वाटीत डोकावतात आणि दर बाळंतपणात कुणीतरी विचारतंच ते विचारतात, "एवढ्याशानं लेकराचं काय होणार?"

आज त्याला एवढंच हवंय. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी साधारण २ ते १० मिलिलिटर पितं, म्हणजे अर्धा ते दोन चमचे. हा चीक. यात साखर आणि स्निग्धांश कमी, प्रथिनं जास्त, आणि त्यातली बरीचशी प्रथिनं पोट भरायला आलेलीच नसतात. ती राखणीला आलेली असतात. आयजीए नावाची प्रतिपिंडं बाळाच्या घशापासून आतड्यापर्यंतच्या अस्तरावर पसरतात आणि जंतूंना तिथं चिकटू देत नाहीत. पिवळा रंग येतो तो बीटा-कॅरोटिनसारख्या द्रव्यांमुळे. शिवाय चीक जरा सारक, त्यामुळे बाळाची पहिली काळी शी लवकर मोकळी होते.

गंमत बघा. गाय व्याली की खरवसासाठी गवळ्याला आधीपासून सांगून ठेवणारी माणसं आपणच. गूळ-वेलची घालून वाट्याच्या वाट्या संपवतो. आणि बाईचा चीक मात्र खराब म्हणून पिळून टाकायचा, बाळाला मध नाहीतर गुळाचं पाणी चाटवायचं, ही रीत अजून पुरती गेलेली नाही. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये. त्यातून बोटुलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छाती जड होते, दूध उतरतं. वार पडली की रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं संप्रेरक झपाट्यानं खाली येतं, आणि दूध तयार करणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो. मग रंग पांढरा होत जातो. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, वाढतं, स्निग्धांश वाढतो, प्रथिनांचं प्रमाण उतरतं. दोनेक आठवड्यांत ते आपल्या ओळखीचं दूध होतं: सुमारे ८८ टक्के पाणी, ७ टक्के लॅक्टोज, ४ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश, आणि प्रथिनं जेमतेम १ टक्का.

इथं घरातला दुसरा शेरा येतो. "दूध पातळ आहे गं तुझं."

आहेच. गाईच्या दुधात प्रथिनं याच्या तिपटीहून जास्त, कारण वासराला दीड-दोन महिन्यांत वजन दुप्पट करायचं असतं. माणसाचं पोर त्याला चार-पाच महिने घेतं. ज्याची वाढ सावकाश, त्याचं दूध तसं. घट्टपणावरून दुधाची पारख करायची सवय आपल्याला डेअरीनं लावली.

(दृश्य: खिडकीशी बसलेली आई. कॅमेरा बाळाच्या जबड्याजवळ. खोलीत दुसरा आवाज नाही.)

इथं जरा थांबून बघू. बाळ आधी भराभर, उथळ चोखतंय. गिळण्याचा आवाज नाही. साधारण मिनिटभरानं आईच्या छातीत झिणझिण्या येतात. काहींना येतात, काहींना कधीच जाणवत नाहीत. पान्हा फुटला. दुसऱ्या बाजूनंही थेंब गळायला लागले, पदर ओला झाला. आता जबडा बघा: खोल जातोय, कानाजवळचा भाग हलतोय, आणि एक-दोन चोखण्यांमागे गुटक् असा घुटका ऐकू येतोय. हे ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचं काम. त्यानं दुधाच्या पिशव्यांभोवतालचे बारीक स्नायू आवळले जातात.

या एकाच पाजण्यात दूध बदलत जातं. भरलेल्या छातीतून आधी येतं ते पातळ, निळसर झाक असलेलं. छाती रिकामी होत जाते तसे नळ्यांच्या भिंतींना धरून राहिलेले स्निग्धाचे कण सुटतात आणि दूध दाट होतं. म्हणून घड्याळ लावून दहा मिनिटं इकडं, दहा मिनिटं तिकडं असं करू नये. एक बाजू त्यानं सोडेपर्यंत पिऊ द्यावी. पण आधीचं दूध हलकं आणि नंतरचं भारी असा हिशेबही घरात मांडू नये. मध्ये कुठलं दार नसतं, आणि बाळ दिवसभर पीत राहिलं की दोन्ही पोटात जातंच.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा "दोन चमचे पाणी तरी पाजा" हा आग्रह सुरू होतो. सहा महिन्यांच्या आतल्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला त्या उन्हातही वरचं पाणी लागत नाही. ते जास्त वेळा, थोडं थोडं पितं आणि तहान भागवतं. पाणी आईनं प्यावं.

रात्रीचं दूध आणखी वेगळं. त्यात मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची खूण देणारं झोपेचं संप्रेरक, असतं, दिवसाच्या दुधात ते जवळपास नसतंच. नवजात बाळाचं दिवस-रात्रीचं गणित पहिले दोन-तीन महिने बसलेलं नसतं, तोवर ही खूण आईकडून येते. आणि प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करायला लावणारं संप्रेरक, रात्री चढं असतं. रात्री पाजल्यानं दिवसाचं दूधही टिकतं.

(दृश्य: दिंडोरी तालुक्यातली द्राक्षबाग. काढणी चालू. मांडवाच्या अँगलला बांधलेली साडीची झोळी.)

द्राक्षांच्या हंगामात सुरगाणा-पेठकडून मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या बागांवर येतात. झोळीतलं बाळ रडलं की आई कात्री ठेवून येते, पाजते, परत जाते. तिचं दूध सहसा आटत नाही. अडचण होते ती पॅकहाउसमध्ये किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यात उभ्या असलेल्या बाईची, जिचं बाळ घरी आहे. दुपारपर्यंत छाती दगड होते, ब्लाउज भिजतो, आणि पंधरा-वीस दिवसांत तिला वाटतं, आपलं दूध गेलं.

भरलेली छाती दूध बनवायचा वेग कमी करते, रिकामी छाती वाढवते. हे प्रत्येक बाजूचं स्वतंत्र चालतं. दूध साचून राहिलं की ते नको आहे असा निरोप पेशींना जातो. म्हणून बाळाची भूक अचानक वाढते, ते संध्याकाळभर अंगाला लागूनच राहतं, तेव्हा दूध आटलं म्हणून पावडरच्या दुधाचा डबा उघडण्यात चूक होते. ते मागणी नोंदवत असतं. दोन-तीन दिवसांत पुरवठा वाढतो. डब्यानं पोट भरलं तर मागणीच घटते, आणि मग खरंच कमी पडतं. कामावरच्या बाईनं निघताना पाजावं, मधल्या सुट्टीत हातानं दूध काढावं, घरी आल्यावर पुन्हा पाजावं. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता यावं, हे २०१७ मध्ये कायद्यात आलं. शरीर तास-तासाला जुळवून घेतं. शिफ्टचं वेळापत्रक मात्र सहसा हलत नाही.

दूध पुरतंय का हे वाटीत बघून कळत नाही, लंगोटात कळतं. पाचव्या दिवसानंतर रोज सहा किंवा जास्त वेळा शू, आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत. वजन तसं येत नसेल तर डॉक्टर गाठावा. काही आयांना खरंच कमी असतं आणि त्यात त्यांचा दोष नसतो. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर खुशाल द्या, बाळंतिणीला ताकद हवीच. पण दुधाला खरा जोर बाळाच्या चोखण्याचा. खाण्यानं दुधाला चव मात्र येते. लसूण खाल्लेल्या आयांच्या दुधाचा वास बदलतो आणि बाळं अधिक वेळ अंगाला लागून राहतात, असं अमेरिकेतल्या १९९१ च्या एका प्रयोगात दिसलं. बाळंतिणीला लसणाची चटणी बंद करणाऱ्यांनी ऐकावं.

आईला सर्दी झाली, जुलाब लागले, की लोक पाजणं थांबवायला सांगतात. नेमकं उलट हवं. आईच्या आतड्यात किंवा श्वासनलिकेत जंतू शिरला की त्याची ओळख पटलेल्या पेशी स्तनापर्यंत पोहोचतात आणि त्याच जंतूविरुद्धची प्रतिपिंडं दुधात उतरतात. म्हणजे ज्या घरात, ज्या गल्लीत बाळ राहतं, तिथल्या जंतूंची तयारी त्या दुधात असते. हे कुठल्याही डब्यात मिळत नाही. शिवाय दुधात दीडशेहून जास्त प्रकारच्या अशा शर्करा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरिया या उपयोगी जिवाणूंच्या खाण्यासाठी असतात.

दिवस भरण्याआधी बाळ झालं तर त्या आईच्या दुधात पहिले काही आठवडे प्रथिनं आणि संरक्षक घटक जास्त असतात. म्हणून आयसीयूतल्या बाळासाठी त्याच्याच आईच्या दुधाला पहिला मान. ते मिळालं नाही तर दुसऱ्या आईनं दिलेलं. त्यासाठीची भारतातली पहिली दूधपेढी मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली.

सगळंच दूध पुरवतं असं नाही. ड जीवनसत्त्व त्यात तोकडं, त्याचे थेंब डॉक्टर पहिल्या दिवसांपासून देतात. लोह थोडं असतं, पण चांगलं शोषलं जातं. पोटात असताना साठवलेलं लोह सहा महिन्यांच्या सुमारास सरत येतं, आणि उष्टावणही तेव्हाच होतं. जेवण सुरू झालं तरी पाजणं चालू ठेवावं, दोन वर्षं आणि त्यापुढेही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

(दृश्य: अंगणात मातीत बसलेलं दीड वर्षाचं पोर.)

रांगतं, चालतं, दिसेल ते तोंडात घालतं. आतापर्यंत घरी तिसरा शेरा आलेला असतो: "आता काय राहिलंय त्या दुधात?" दुसऱ्या वर्षी दूध कमी येतं, पण जंतूंची भिंत फोडणारं लायसोझाइम त्यात वाढलेलं असतं. अंगावरचं पिणं तोडायचं तर कडुनिंबाचा पाला वाटून लावायची गरज नाही. एकेक पाजणं कमी करत जावं. दूध घटतं तसं त्यातलं लॅक्टोज उतरतं, मीठ चढतं, गोडी जाऊन खारट चव येते, आणि काही पोरं मग आपणच तोंड फिरवतात.