विझलेला वणवा

श्रोतेहो, नमस्कार.

बालाघाटाच्या उतारावर आता कुसळी गवत पिवळं पडलंय. पाऊस बरा झाला की हे गवत कमरेला लागतं, म्हणजे आपल्या सुकाळात वणव्याचाही सुकाळ. त्यात उन्हाचा कडाका लवकर येऊ लागला आहे.

८ ऑगस्ट २०२३ ला अमेरिकेच्या हवाई बेटांवरचं लहाइना शहर जळालं. शंभराच्या आसपास माणसं गेली. तिथं उसाचे जुने मळे पडीक पडून गवत माजलं होतं. विजेच्या तुटक्या तारांमुळं सकाळी आग लागली. ती विझली असं समजून जवान परतले आणि दुपारी सोसाट्याच्या वाऱ्यात तीच आग पुन्हा उठली. धोक्याचे भोंगे होते, ते वाजलेच नाहीत. आपल्या गावात देवळावरचा भोंगा असतो. वणव्याच्या वेळी तो कुणी लावायचा, एवढं तरी आज ठरवून टाका.

धूर दिसताच वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. ‘डोंगर पेटलाय’ एवढ्यानं भागत नाही, गट नंबर किंवा जवळचा तलाव सांगा. उपग्रहावरूनही सूचना येते, पण त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर ३७५ मीटरचा, आणि तो दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो. गुराख्याचा फोन त्याच्या आधी पोचतो.

गायरान आणि वस्तीच्या मध्ये जाळरेषा हवी, म्हणजे आग अडवणारी बिनगवताची पट्टी. ३ मीटरची पट्टी वाऱ्यापुढं नावापुरतीच, ६ मीटर तरी ठेवा. गवत कापून गुरांना घाला आणि उरलेलं खरवडून काढा. जाळून पट्टी करायचा मोह आवरा. ते काम वनरक्षक समोर असतानाच, पहाटेच्या दंवात.

विझवताना वणव्याच्या तोंडाला भिडू नका. चढावर आग फार वेगानं पळते, दर १० अंश चढाला वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला माणूस नकोच. शेपटाकडून, म्हणजे आगीच्या मागच्या टोकाकडून सुरुवात करा, दोन्ही बाजूंच्या कुशी धरत पुढं सरका. ज्वाळा छातीएवढी झाली की मागं व्हा, जळून काळ्या झालेल्या जागेत या. अंगात सुती कपडे असू द्या. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. निरगुडीची किंवा कडुलिंबाची हिरवी डहाळी ओली करा, दाबून जळालेल्या बाजूला ओढा. दणादण झोडपलं की ठिणग्या पुढच्या गवतात उडतात, आणि आपणच आग पुढं नेतो.

खरी चूक होते ती नंतर. ज्वाळा दिसेनाशी झाली की सगळे घरी जातात. पण वाळलेलं शेण, खुंट, मुळं आतून धुमसत राहतात. नुसती माती लोटली तर विस्तव खाली जिवंतच. उकरायचं, पाणी ओतायचं, काठीनं कालवायचं, पुन्हा पाणी. जळालेल्या भागाच्या कडेपासून आत १० मीटरची पट्टी अशी तपासा: तळहात नाही, हाताची मागची बाजू राखेजवळ न्या. ऊब लागली तर परत उकरा. दुसऱ्या दिवशी दुपारचं वारं सुटून पडेपर्यंत दोन माणसं तिथंच बसवा, पाण्याची घागर घेऊन.