संगणकाची रोजकीर्द

(लातूर येथे, लहान संस्थांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांसमोर आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप.)

मित्रहो, ज्यांनी कधी पतसंस्थेत किंवा आडत दुकानात हिशेब लिहिला आहे, त्यांना कीर्द आणि खतावणी यांतला फरक सांगायला नको. कीर्दीत दिवसभराचे व्यवहार जसे घडले तसे, वेळेच्या क्रमाने, कोणाचा व्यवहार आहे हे न पाहता उतरवले जातात. खतावणीत तेच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर टाकले जातात. कीर्द अपुरी असेल तर खतावणी कितीही सुबक अक्षरात लिहिली तरी ताळा जमत नाही. लिनक्स संगणकाचीही अशी एक रोजकीर्द असते, तिला सिस्टिम लॉग म्हणतात, आणि रात्री आपोआप चालणाऱ्या आपल्या स्क्रिप्टांचे, म्हणजे ओळीने लिहून ठेवलेल्या आज्ञांच्या फाइलींचे, बोलणे तिच्यात कसे उतरवावे हा आजचा विषय आहे.

या विषयाकडे मी नुकसान सोसून वळलो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचा सर्व्हर माझ्याकडे होता. रोज रात्री दोन वाजता क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणारा प्रोग्राम, एक शेल स्क्रिप्ट चालवीत असे आणि ती डेटाबेसची प्रत बाहेरच्या डिस्कवर टाकत असे. येळवशीच्या, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावास्येच्या, आदल्या रात्री ती डिस्क भरली. दुसऱ्या दिवशी कार्यालय बंद, सगळे जण भज्जी आणि आंबील घेऊन शेतात. त्या दिवशी कोणी पाहिले नाही हे समजण्यासारखे आहे. परंतु पुढचे अठरा दिवसही कोणी पाहिले नाही, आणि त्या ‘कोणी’मध्ये पहिला मी. स्क्रिप्ट मात्र रोज रात्री प्रामाणिकपणे सांगत होती की डिस्कवर जागा उरलेली नाही. क्रॉनचा जुना रिवाज असा आहे की, त्याने चालवलेल्या कामाने काही छापले तर ते त्या कामाच्या मालकाला मेलने पाठवायचे. आमच्या यंत्रावर मेल पोहोचवणारी यंत्रणाच बसवलेली नव्हती. मूळ डिस्क बिघडली तेव्हा हा प्रकार उघडकीस आला आणि अठरा दिवसांचे व्यवहार आम्ही व्हाउचरांवरून पुन्हा भरले. नंतर लॉग उघडून पाहतो तो क्रॉनची स्वतःची ओळ तिथे रोज रात्री हजर होती: मेलची यंत्रणा बसवलेली नाही, आउटपुट टाकून देत आहे. टाकून दिल्याची नोंद कीर्दीत होती. काय टाकून दिले याची नव्हती.

ही कीर्द लिहिणारी सिसलॉग ही व्यवस्था एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात बर्कली येथे सेंडमेल या मेल-प्रोग्रामसाठी तयार केली. ती इतकी सोयीची ठरली की इतर प्रोग्रामही तिच्यातच लिहू लागले. पुढे २००१ मध्ये आरएफसी ३१६४ या दस्तऐवजाने चालू प्रघात लिहून काढला आणि २००९ मध्ये आरएफसी ५४२४ने त्याला नियमबद्ध रूप दिले. जुन्या प्रघातातल्या वेळेच्या शिक्क्यात महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद असतात, वर्ष नसते; चार वर्षांचे जुने लॉग एकत्र करून वाचायला बसलेल्या माणसाला ही उणीव चांगलीच कळते.

शेलमधून, म्हणजे आपण दिलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममधून, या कीर्दीत लिहिण्यासाठी लॉगर नावाची छोटी आज्ञा आहे. तिला मजकूर दिला तर ती तो नोंदवते. मजकूर न देता पाइपने, म्हणजे एका आज्ञेचे आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीने, काही तिच्याकडे वळवले तर येणारी प्रत्येक ओळ स्वतंत्र नोंद म्हणून लिहिते. आता फळ्याकडे पाहा. आधी आपल्या स्क्रिप्टचे नाव. त्यानंतर दोन, मोठेपणाचे चिन्ह, अँपरसँड आणि एक, मध्ये कुठेही जागा न सोडता. मग पाइपची उभी रेघ. मग लॉगर, डॅश टी, आणि शेवटी ‘बॅकअप’. डॅश टीपुढचा शब्द हा टॅग, म्हणजे खातेदाराचे नाव. दोन आणि एक यांची ती जोडगोळी वगळली तर फक्त साधे आउटपुट लॉगमध्ये जाते आणि चुकांचे संदेश पूर्वीच्याच वाटेने हरवतात, कारण पाइप फक्त पहिला प्रवाह वाहून नेतो आणि चुका दुसऱ्या प्रवाहातून येतात. आपल्याला तर मुख्यतः चुकाच हव्या आहेत. हे सगळे नीट लिहिले की लॉगमध्ये ओळ अशी दिसते: ‘डिसेंबर १९ ०२:००:०७ सर्व्हर बॅकअप: डिस्कवर जागा उरलेली नाही.’ वेळ, यंत्र, खातेदार आणि मजकूर. कीर्द झाली, यातून ‘बॅकअप’ या टॅगच्या ओळी वेगळ्या काढल्या की खतावणी.

इथपर्यंतचे कोणीही पाच मिनिटांत शिकतो. खरी गुंतागुंत पुढे आहे, आणि तिच्यात मी स्वतः पुन्हा एकदा अडकलो होतो, म्हणून तिथे थोडा रेंगाळतो. आमच्या स्क्रिप्टचा नियम असा होता की प्रत यशस्वीपणे तयार झाली तरच सात दिवसांपूर्वीची जुनी प्रत पुसायची. यश की अपयश हे शेलमध्ये प्रोग्राम संपताना मागे ठेवतो त्या आकड्यावरून कळते. शून्य म्हणजे यश, बाकी काहीही म्हणजे अपयश. प्रत काढणाऱ्या आज्ञेपुढे मी मोठ्या उत्साहाने पाइप आणि लॉगर जोडला. पण पाइपने जोडलेल्या आज्ञांच्या साखळीचा आकडा म्हणजे तिच्यातल्या शेवटच्या आज्ञेचा आकडा, आणि शेवटची आज्ञा होती लॉगर. डेटाबेसची प्रत निघो वा न निघो, ‘जागा उरलेली नाही’ हे वाक्य लॉगरने व्यवस्थित लिहिले आणि शून्य परत केला. स्क्रिप्टने ते यश समजून जुनी प्रत पुसायला घेतली. सुदैवाने हे चाचणीच्या यंत्रावर घडले. कारकुनाने ‘चोरी झाली’ अशी सुवाच्य नोंद केली म्हणून दिवसाचा हिशेब जुळला असे मानण्यासारखेच ते होते. बॅश या शेलमध्ये यावर उपाय आहे: स्क्रिप्टच्या सुरुवातीला सेट, डॅश ओ, पाइपफेल असे लिहिले की साखळीतली कोणतीही कडी अपयशी झाली तर साखळीच अपयशी ठरते. मात्र क्रॉनच्या ओळीत थेट बॅशची खास वाक्ये लिहू नका. क्रॉन सहसा साध्या एसएच शेलने काम चालवतो, आणि डेबियन व उबंटू या लिनक्सच्या प्रकारांवर तो शेल म्हणजे ‘डॅश’ नावाचा वेगळा शेल (आज्ञांतल्या डॅश चिन्हाशी त्याचा संबंध नाही). बॅशच्या कितीतरी सोयी त्याला समजत नाहीत. पाइप आणि लॉगर स्क्रिप्टच्या आत ठेवा आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशचे नाव घाला.

दुसरी गुंतागुंत विजेची आहे. भारनियमन काय असते हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगायला नको. एखादा प्रोग्राम पडद्यावर लिहितो तेव्हा ओळ संपली की ती लगेच बाहेर पडते. तोच प्रोग्राम पाइपमध्ये लिहू लागला की ओळी साठवत राहतो, आणि लिनक्सवर साधारण ४०९६ बाइट जमल्यावरच त्या पुढे ढकलतो. मध्येच वीज गेली तर साठलेले सगळे गेले, आणि नेमक्या त्या शेवटच्या ओळीच आपल्याला हव्या असतात. स्टडबफ ही आज्ञा डॅश ओ एल या पर्यायासह प्रोग्रामच्या आधी लावली तर पुष्कळ प्रोग्राम ओळीगणिक लिहू लागतात. पायथनसाठी डॅश यू आहे. चुकांचा प्रवाह मुळातच साठवला जात नाही, त्यामुळे दोन्ही प्रवाह एकत्र केले की कधी कधी चूक आधी आणि तिचे कारण नंतर असा उलटा क्रम लॉगमध्ये दिसतो. तो पाहून घाबरू नये.

ओळ लॉगपर्यंत पोहोचली तरी ती डिस्कवर पोहोचली असे नाही. सिस्टिमडी या लिनक्सवरच्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेच्या जर्नल या लॉगमध्ये अनेक यंत्रांवर ठेवण अशी असते की व्हार, लॉग, जर्नल या मार्गावरची डिरेक्टरी अस्तित्वात नसेल तर नोंदी केवळ मेमरीत राहतात. यंत्र बंद झाले की पाटी कोरी. ती डिरेक्टरी आहे की नाही, हे आज घरी गेल्यावर पाहा. ती असली तरी जर्नल साधारणपणे दर पाच मिनिटांनी डिस्कवर पक्के केले जाते, म्हणजे वीज गेली तर शेवटच्या काही मिनिटांची हमी नाही. याला एक अपवाद ठेवला आहे: क्रिटिकल, अलर्ट आणि इमर्जन्सी या तीन पातळ्यांची नोंद आली की जर्नल त्याच क्षणी डिस्कवर उतरवले जाते.

या पातळ्या एकूण आठ आहेत, शून्य ते सात, आणि शून्य सर्वांत गंभीर. त्यांच्या जोडीला नोंद कोणत्या विभागाची हे सांगणारे चोवीस प्रकार आहेत. मेल, क्रॉन असे काही ठरलेले, तर लोकल शून्य ते लोकल सात हे आठ आपल्यासाठी मोकळे. विभागाच्या क्रमांकाला आठने गुणून त्यात पातळी मिळवली की नोंदीचा अग्रक्रम मिळतो. लॉगरला काही सांगितले नाही तर तो यूझर विभाग आणि नोटीस पातळी धरतो, म्हणजे एक गुणिले आठ अधिक पाच, तेरा. आमचे बॅकअप आम्ही लोकल तीनमध्ये टाकतो. त्याचा विभाग-क्रमांक एकोणीस, म्हणून त्यातल्या चुकीचा अग्रक्रम १५५ होतो. डॅश पी या पर्यायाने हे लॉगरला सांगता येते, आणि आरसिसलॉग या सिसलॉगच्या नोंदी सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये एक ओळ लिहून लोकल तीनच्या सगळ्या नोंदी वेगळ्या फाइलमध्ये वळवता येतात. माझे मत असे की सगळेच गंभीर म्हणून लिहिण्याचा मोह टाळावा. आपल्या कार्यालयांत प्रत्येक लिफाफ्यावर ‘तातडीचे’ असा शिक्का मारून त्या शब्दाची काय अवस्था झाली आहे, ते आपण पाहतोच.

नोंदी दुसऱ्या यंत्राकडे पाठवायच्या असतील तर आरसिसलॉगमध्ये पत्त्याआधी एक ॲट चिन्ह लिहिल्यास त्या यूडीपी या आणि दोन लिहिल्यास टीसीपी या नेटवर्कच्या पद्धतीने जातात. यूडीपी पोच मागत नाही. मी दोन लिहितो.

आणखी दोन लहान गोष्टी. कामाची टक्केवारी एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा छापणारे प्रोग्राम लॉगमध्ये पाठवताना तो पर्याय बंद ठेवा, नाहीतर ओळ कधी संपतच नाही आणि आरसिसलॉगमध्ये हॅश शून्य एक पाच अशी अक्षरे विखुरलेली लांबलचक नोंद होते. संदेश मराठीत लिहिणाऱ्यांनी लांबीचे भान ठेवावे: लॉगरची मूळ मर्यादा १०२४ बाइटची आहे, देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि ‘क्ष’ हे दिसायला एक अक्षर असले तरी आत तीन चिन्हे, म्हणजे नऊ बाइट असतात. संदेश मराठीत लिहूच नयेत असे मी म्हणत नाही. मी स्वतः लिहितो. स्क्रिप्ट तपासताना सेट, डॅश एक्स लावण्याची सवय असेल तर मात्र ती लॉगकडे वळवण्याआधी काढा, कारण त्या अवस्थेत शेल प्रत्येक आज्ञा तिच्यातल्या किमतींसह छापतो आणि डेटाबेसचा पासवर्ड कायमचा कीर्दीत जाऊन बसतो.

शेवटी न आलेल्या ओळीविषयी. स्क्रिप्ट फक्त चूक झाल्यावर बोलत असेल, तर लॉगमधल्या शांततेचे दोन अर्थ होतात: सगळे ठीक आहे, किंवा स्क्रिप्ट चाललीच नाही. म्हणून आमची स्क्रिप्ट काम संपल्यावर ‘पूर्ण’ अशी एक ओळ लिहिते, आणि सकाळी आठ वाजता दुसरी छोटी स्क्रिप्ट गेल्या चोवीस तासांत ती ओळ शोधते. सापडली नाही तर मोबाइलवर संदेश पाठवते. गेल्या येळवशीला तो संदेश मला शेताच्या वाटेवर असतानाच आला. डिस्क ठीक होती. रात्री दीडला वीज गेली होती, पहाटे ती आल्यावर यंत्र आपोआप सुरू झाले होते, परंतु दोन वाजताचे हुकलेले काम क्रॉन नंतर भरून काढत नाही. त्या संध्याकाळी मी ते काम सिस्टिमडीच्या टायमरवर नेले आणि त्याचा पर्सिस्टंट हा पर्याय चालू केला, म्हणजे हुकलेली वेळ यंत्र सुरू होताच भरून निघते. तिथे सर्व्हिसचे दोन्ही प्रवाह आपोआप जर्नलमध्ये जातात आणि संपतानाचा आकडाही सिस्टिमडीच नोंदवतो. त्यामुळे इतक्या खटाटोपाने जोडलेले पाइप आणि लॉगर त्या एका स्क्रिप्टमधून मी काढून टाकले. टॅग मात्र ‘बॅकअप’ हाच ठेवला आहे.