कमी उजेडातले दोन छंद

(दृश्य: सॅन फ्रान्सिस्कोचा जुना नकाशा. दोन ठिकाणी लाल खूण.)

सन १९६८, सॅन फ्रान्सिस्को. जुलै महिन्यात रॉक कार्यक्रमांचे आयोजक बिल ग्रॅहम यांनी आपलं फिलमोर हे संगीत सभागृह मार्केट स्ट्रीटवरच्या जुन्या कॅरोसेल बॉलरूममध्ये हलवलं आणि त्याला फिलमोर वेस्ट हे नाव दिलं. त्याच वर्षी, त्याच शहरात, जॅक्सन आणि ब्रॉडरिक रस्त्यांच्या नाक्यावर जॉन डॉब्सन फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र आणि शनी दाखवत होते. डॉब्सन १९४४ ते १९६७ या काळात वेदान्त मठात संन्यासी म्हणून राहिले होते. जहाजांच्या खिडक्यांची जाड काच घासून आरसा, काँक्रीट ओतण्यासाठी मिळणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळकांड्याची नळी आणि प्लायवूडची बैठक, एवढ्यावर त्यांची दुर्बीण उभी राहायची. आज जगभर जिला डॉब्सोनियन म्हणतात, ती हीच.

एका जागी गिटारचे आवाज, दुसरीकडे शांत फुटपाथ. पण फिलमोरच्या स्टेजसमोर कॅमेरा घेऊन उभा असलेला आणि दुर्बिणीला डोळा लावलेला, दोघांचीही अडचण एकच होती. उजेड पुरत नव्हता.

(दृश्य: कृष्णधवल निगेटिव्हची पट्टी लाइट बॉक्सवर.)

त्या काळच्या कॉन्सर्ट फोटोग्राफीचा कणा म्हणजे कोडॅक ट्राय-एक्स. ४०० एएसएचा (एएसए म्हणजे फिल्मच्या संवेदनशीलतेचं माप) कृष्णधवल रोल. स्टेजवर चांगला स्पॉटलाइट असेल तर ही फिल्म १६०० मानून लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/२.८ आणि शटर १/१२५ सेकंद, असा हिशेब बसायचा. स्पॉट हलला आणि निळा दिवा लागला की १/३० पर्यंत उतरावं लागे, आणि १/३० ला ढोलकिऱ्याचे हात फक्त धुरासारखे उमटत. जिम मार्शल यांच्यासारखे फोटोग्राफर फ्लॅश टाळून लायका कॅमेऱ्याने असं काम करत. फ्लॅश मारला की स्टेजचा स्वतःचा प्रकाशच पुसला जातो, आणि फिलमोरमध्ये मागच्या पडद्यावर रंगीत द्रवांची हलती चित्रं सोडत, ती तर पार नाहीशी होत.

फिल्म ‘पुश’ करणे याबद्दल एक गैरसमज अजून टिकून आहे. ४०० ची फिल्म १६०० वर वापरून डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवली म्हणजे तिची संवेदनशीलता चौपट होत नाही. ज्या सावलीत प्रकाश पोचलाच नाही तिथे कितीही वेळ डेव्हलप केलं तरी काही उमटत नाही. वाढतो तो मधल्या आणि उजळ भागांचा निगेटिव्हवरचा गडदपणा, आणि त्याबरोबर काँट्रास्ट आणि ग्रेन, म्हणजे फिल्मचे दाणे. म्हणून त्या काळच्या फोटोंत गायकाचा चेहरा आणि हात आहेत, पण काळ्या जॅकेटची घडी नाही. स्कॅन करताना ती घडी शोधत बसू नये. निगेटिव्हमध्ये ती नाहीच.

प्रकाश मोजणाऱ्या मीटरची फसगतही ठरलेली. स्टेजचा तीन चतुर्थांश भाग काळा असतो, सरासरी मोजणारा मीटर त्याला राखाडी करायला बघतो, आणि चेहरा जळून पांढरा होतो. जाणकार लोक मीटर बाजूला ठेवून दिव्यांनुसार ठरलेली जोडी वापरत किंवा फक्त चेहऱ्यावरचं मोजमाप घेत.

(दृश्य: हातमोजे घातलेले हात निगेटिव्ह बाहेर काढतात.)

आता या छंदाची खरी मेहनत: जुन्या निगेटिव्ह सांभाळणं आणि डिजिटल करणं. डबा उघडल्यावर आधी वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्मचा अ‍ॅसिटेट आधार विघटित होऊ लागला आहे. ही क्रिया स्वतःच स्वतःला वाढवते, कारण सुटणारं अ‍ॅसेटिक आम्ल पुढच्या विघटनाला चालना देतं आणि त्याची वाफ शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागते. अशी पट्टी लगेच वेगळी करावी आणि तिचंच स्कॅनिंग सगळ्यात आधी करावं. ती आकसली आणि वळली की सपाट बसणार नाही. पीव्हीसीची पाकिटं फेकून द्यावीत, पॉलिप्रॉपिलीनची किंवा आम्लरहित कागदाची घ्यावीत. रंगीत पारदर्शिकांचं दुखणं वेगळं. त्या वर्षांतल्या कोडॅकच्या एकटाक्रोम फिल्मचे रंग काळाबरोबर फिकट होऊन स्लाइड लालसर पडते. कोडाक्रोम अंधारात ठेवला असेल तर पुष्कळ टिकतो.

धूळ काढायला रबरी ब्लोअर. तोंडाने फुंकर नको, थुंकीचे कण इमल्शनवर, म्हणजे फिल्मच्या प्रतिमेच्या थरावर, कायमचे बसतात. स्कॅनरमधली आपोआप धूळ पुसणारी सोय कृष्णधवल फिल्मवर चालत नाही हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. ती सोय अवरक्त किरणांवर चालते: रंगीत फिल्ममधून ते आरपार जातात आणि धुळीवर अडतात. ट्राय-एक्समध्ये प्रतिमाच चांदीची आहे, चांदी ते किरण अडवते, म्हणून यंत्राला सगळा फोटोच धूळ वाटतो. सोय बंद करावी आणि डाग हाताने काढावेत.

घरगुती फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावरचा आकडा आणि प्रत्यक्ष मिळणारा तपशील यांत निम्म्याहून जास्त फरक पडतो. आमच्या मते हातात कॅमेरा असेल तर मॅक्रो लेन्सने कॉपी करणं सरस. चोवीस मेगापिक्सेलचा सेन्सर म्हणजे ६००० पिक्सेल लांबी. निगेटिव्ह ३६ मि.मी. लांब. भागिले तर इंचाला सुमारे ४२०० ठिपके, एवढ्यात ग्रेन स्पष्ट दिसतो आणि त्यापुढे काढण्यासारखं काही उरत नाही. कॅमेरा खाली तोंड करून पक्का बांधावा. निगेटिव्हच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवून लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावर) लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मधोमध येईपर्यंत कॅमेरा हलवावा. तसं आलं म्हणजे दोन पृष्ठभाग समांतर आहेत. नाहीतर एक कोपरा तीक्ष्ण आणि समोरचा मऊ येतो, आणि दोष लेन्सला दिला जातो. एफ/८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल. पट्टीच्या कडेनं येणारा प्रकाश काळ्या कागदाने झाकावा, नाहीतर काळा भाग राखाडी होतो.

फिल्मची चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे हवी. उलटी ठेवली तर फोटो डाव्या-उजव्या बाजूंनी उलटतो. गिटार कुठल्या हातात आहे यावरून ते ओळखायचं म्हटलं तर घोटाळा होतो: ऑक्टोबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्याच विंटरलँड सभागृहात वाजवणारे जिमी हेन्ड्रिक्स डावखुरे होते, आणि उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवत. कडेवरची अक्षरं वाचावीत. ‘कोडॅक सेफ्टी फिल्म ५०६३’ सुलटं वाचता आलं की फोटो सुलटा. आणि ५०६३ हा आकडा म्हणजे फिल्म ट्राय-एक्सच.

(दृश्य: धोबी तलाव, रंगभवनचं प्रवेशद्वार.)

आपल्याकडेही अशा निगेटिव्ह आहेत. मुंबईत धोबी तलावचं उघडं रंगभवन, १९८६ पासूनचा इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक महोत्सव. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथले कार्यक्रम थांबले. म्हणजे त्या जागेतला तो माहोल आता मुख्यतः लोकांच्या कपाटांतल्या फिल्मवरच आहे. बऱ्याचदा ती पूर्व जर्मनीची ओर्वो. तेव्हाचे रोल घरी असतील त्यांनी पाकिटावर तारीख, जागा आणि बँडचं नाव आजच पेन्सिलीने लिहावं.

(दृश्य: संध्याकाळची गच्ची. पाण्याच्या टाकीशेजारी डॉब्सोनियन.)

आता गच्ची. सहा इंची, एफ/८ डॉब्सोनियन. आरसा १५० मि.मी., फोकल लेन्थ १२००. पंचवीस मि.मी.चा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावला की अठ्ठेचाळीस पट, दहाचा लावला की एकशेवीस पट. अंधारात पूर्ण उघडलेली डोळ्याची बाहुली सात मि.मी. धरली तर हा आरसा डोळ्याच्या साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो.

मुंबई-पुण्याच्या आकाशाला नावं ठेवत बसण्यापेक्षा ते काय दाखवतं ते पाहावं: चंद्रावरची दिवस-रात्रीची सीमारेषा, गुरूचे पट्टे आणि चार चंद्र, शनीचं कडं, कृत्तिका, हंस समूहातला अल्बिरिओ, जो दुर्बिणीत सोनेरी आणि निळा असा दोन ताऱ्यांत फुटतो. मृगातला तेजोमेघही दिसतो. देवयानी दीर्घिकेचा मात्र शहरातून फक्त गाभा, पुसट डागासारखा. तिच्यासाठी वांगणीसारख्या ठिकाणी जावं.

पहिल्या अर्ध्या तासात प्रतिमा थरथरली तर दुर्बिणीला दोष देऊ नये. आरसा घरातल्या तापमानाचा असतो, त्याच्यावर गरम हवा लोळत असते. दुर्बीण सूर्यास्तालाच बाहेर काढावी. दिवसभर तापलेली गच्ची रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते, म्हणून उंचावरचे ग्रह आधी बघावेत, समोरच्या इमारतीच्या छतावरून दिसणारे नकोत. डोळ्यांना अंधार सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा एक पांढरा झोत ती घालवतो. टॉर्चवर लाल कागद लावावा. पुसट गोष्ट थेट न बघता किंचित बाजूला बघावी. कमी उजेडात काम करणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यभागी नसतात.

(दृश्य: जुनी मॅन्युअल लेन्स, अ‍ॅपर्चर रिंग फिरते.)

आणि इथे दोन्ही छंद एका कपाटात येतात. कॉन्सर्टसाठी घेतलेली ५० मि.मी. एफ/१.४, १३५ मि.मी. एफ/२.८ ही जुनी लेन्स आकाशासाठी फार चांगली आहे. तिला खरी फोकस रिंग आहे, जागेवर राहणारी. अ‍ॅपर्चरची कडी आहे. पंधराशे-दोन हजारांच्या अडॅप्टरने ती आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसते. एक गोष्ट सांभाळावी: अडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ बनवतात, त्यामुळे रिंग अनंताच्या पुढे जाते. अनंताच्या खुणेवर विश्वास न ठेवता व्याधावर लाइव्ह व्ह्यू दहा पट मोठा करून फोकस करावं आणि रिंगवर चिकटपट्टी लावावी.

स्टेजवर एफ/१.४ चाललं, कारण चेहरा मध्यभागी होता आणि कोपरे काळे होते. आकाशात चारही कोपऱ्यांत तारे असतात, आणि पूर्ण उघड्या लेन्समध्ये ते पंख पसरलेल्या पक्ष्यासारखे दिसतात. एफ/२.८ किंवा एफ/४ ला ते आवरतात.

मग एक्स्पोजर. ‘पाचशे भागिले फोकल लेन्थ’ हा नियम फिल्मच्या काळचा आहे. तो ५० मि.मी.ला दहा सेकंद देतो. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला पंधरा विकला (विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग) सरकतो, म्हणजे दहा सेकंदांत दीडशे. चार मायक्रॉनच्या पिक्सेलवर ही नऊ पिक्सेलची रेघ होते. फिल्मच्या ग्रेनमध्ये ती लपायची, सेन्सरवर लपत नाही. नुसत्या ट्रायपॉडवर ५० ला दोन ते तीन सेकंद, १३५ ला एक, एवढंच धरावं. असे शंभर फोटो काढून सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या मोफत प्रोग्रामात एकावर एक रचावेत. शंभर फोटोंत नॉइज एकाच्या तुलनेत दहापटीने उतरतो. झाकण लावून त्याच सेटिंगवर वीस फोटो वेगळे घ्यावेत, गरम पिक्सेल त्यांनी वजा होतात.

फिल्मवर असं का करत नसत? करून उपयोग नव्हता. लांब एक्स्पोजरमध्ये फिल्म मंदावते. ट्राय-एक्सला मीटरने एक सेकंद सांगितला तर दोन द्यावे लागतात, दहा सांगितले तर पन्नास, शंभर सांगितले तर बाराशे. हा परिणाम नीट मोजला कार्ल श्वार्झशिल्ड या खगोलशास्त्रज्ञांनी, ताऱ्यांची तेजस्विता फोटोवरून काढताना. त्यामुळे एकाच रोलवर स्टेज सहज यायचं आणि तेजोमेघासाठी तासभर दुर्बीण हाताने फिरवत तारा धरून ठेवावा लागायचा. त्या लोकांबद्दल आदर वाटतो तो या आकड्यांमुळे.

दोन्ही बाजूंना पाय असलेलं नाव म्हणजे क्वीन या रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ग्रहमालेतल्या धुळीच्या गतीवर त्यांनी संशोधन सुरू केलं, बँडने ते अर्धवट राहिलं, आणि डॉक्टरेट मिळाली २००७ मध्ये.

(दृश्य: ट्रॅकर, मागे ध्रुवतारा.)

एक मिनिटाचे फोटो हवे असतील तर ताऱ्यांमागे फिरणारा छोटा ट्रॅकर लागतो. त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा. मुंबईत ध्रुव क्षितिजापासून फक्त एकोणीस अंशांवर असतो, बहुतेक गच्च्यांवर तो शेजारच्या इमारतीमागे किंवा धुरक्यात जातो. गच्ची निवडताना उत्तर मोकळी आहे का ते आधी बघावं. दक्षिण कितीही सुंदर असली तरी.

जून ते सप्टेंबर आकाश बंद, आणि हेच महिने लेन्स आणि निगेटिव्ह दोन्हींचे शत्रू. काचेवरची बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि कोटिंग खाते. हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि शे-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. लेन्ससाठी चाळीस ते पन्नास टक्के, निगेटिव्हसाठी तीस ते चाळीस; म्हणून दोन डबे वेगळे. काटा साठच्या वर गेला की जेल कढईत मंद आचेवर परतून घ्यावं आणि थंड झाल्यावरच परत ठेवावं. आंबूस वासाची पट्टी मात्र बंद डब्यात कोंडू नये, तिची वाफ तिलाच खाते. तिचं स्कॅन पावसाळ्याआधी उरकलेलं असावं.