बेचाळीस टक्क्यांचं गुपित

[पडद्यावर: तीन क्रेडिट कार्डांची स्टेटमेंट, नावं आणि नंबर झाकलेले]

चार लाख रुपये. तीन बँकांची तीन कार्डं मिळून. आणि दर महिन्याला भरायची किमान रक्कम, साधारण पाच टक्क्यांच्या हिशेबाने, वीस हजार.

हे घर डोंबिवलीतलं. वन बीएचके, स्वतःचा, त्याचाही हप्ता चालू आहे. माणसं पाच. नवरा-बायको, नवऱ्याची आई, नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. तो अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला जातो. ती घरी ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-बिडिंग करते. आधीच सांगून टाकतो, हे कुठलंही एक खरं घर नाही. कार्डाचं कर्ज फेडणाऱ्या घरांत जे घडतं, ते गोळा करून आम्ही हे कुटुंब उभं केलंय. खऱ्या माणसांना या विषयासाठी कॅमेऱ्यासमोर बसवणं आम्हाला बरं वाटलं नाही. का, ते पुढे कळेलच.

चार लाख झाले कसे, याला चटकदार उत्तर नाही. जुगार नाही, परदेशवारी नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, विम्यातून निघालं ते निघालं, उरलेलं कार्डावर गेलं. मग फ्रिज बसला. मग जून आला, आणि जूनमध्ये वह्या-पुस्तकं, गणवेश, क्लासची फी हे सगळं एकदम दारात उभं राहतं. मग पहिल्या कार्डाची किमान रक्कम भरायला दुसऱ्या कार्डावरून रोख उचलली. त्यावर वेगळी फी, आणि व्याज उचलल्या दिवसापासून. शेवटी शेवटी तर ओळखीच्या दुकानदाराकडे कार्ड घासून रोकड घेणं सुरू झालं, त्याचं दोन-तीन टक्के कमिशन कापून. इकडची टोपी तिकडे. करणाऱ्यालाही ते कळत असतं.

[पडद्यावर: वहीचं कोरं पान, पेनाने मांडला जाणारा हिशेब]

आता जरा हिशेब मांडू, कारण पुढची सगळी भांडणं यातूनच निघणार आहेत. कार्डावरचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. वर्षाचे झाले ४२ टक्के. चार लाखांवर महिन्याचं व्याज १४,००० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २,५२०. एकूण १६,५२०. घरातून गेले वीस हजार, मुद्दल कमी झालं ३,४८०.

ते ३,४८० सुद्धा कमी झालेले दिसत नाहीत. पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदत संपते, आणि नव्या खरेदीवर खरेदीच्या तारखेपासून व्याज लागू होतं. पगारातले वीस हजार कार्डांनी नेल्यावर घरात किराणा कुठून येणार? कार्डावरूनच. म्हणजे तुरीच्या डाळीवर आणि गोडेतेलावर सुद्धा ४२ टक्के.

असं व्याज घ्यायला कायद्याने काही मर्यादा आहे का, हा प्रश्न बरीच वर्षं न्यायालयात होता. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सांगितलं होतं की वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. निकाल लागला २० डिसेंबर २०२४ ला, आणि आयोगाचा तो निर्णय रद्द झाला. व्याजाचा प्रश्न हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला, असं न्यायालयाचं म्हणणं. डोंबिवलीच्या या घराला त्या तारखेचा पत्ताही नव्हता.

[पडद्यावर: लोकलचा डबा, मोबाइलच्या उजेडातले चेहरे]

पण आम्हाला पडलेला प्रश्न दुसराच आहे. या माणसाच्या कंपनीत कर्मचाऱ्यांची सहकारी पतसंस्था आहे. तिथे कर्ज मिळतं, समजा १२ टक्क्यांनी. घरात बायकोच्या पाटल्या आहेत, त्यावर बँक सोनेतारण कर्ज देते, समजा १० टक्क्यांनी. दहा आणि बारा टक्क्यांचा पैसा हाताशी असताना माणूस दोन वर्षं बेचाळीस टक्के का भरत बसतो?

कारण पतसंस्थेला जामीनदार लागतात, सहकाऱ्यांपैकी दोन. त्यांच्यासमोर जाऊन सांगावं लागतं की माझं असं असं झालंय. पाटल्यांसाठी बायकोला सांगावं लागतं. कार्डाला कुणालाच काही सांगावं लागत नाही. रात्री साडेअकरालाही ते चालतं, तोंडातून शब्द न काढता. माझं मत विचाराल तर त्या ४२ टक्क्यांतला मोठा हिस्सा हे गुप्ततेचं भाडं असतं. चार माणसांत नाव खराब होऊ नये म्हणून अनोळखी माणसाला भरलेलं.

आणि ते गुपित फुटतं कसं? बहुतेक घरांत ते नवरा सांगत नाही, फोन सांगतो.

या घरात तो फोन बायकोला आला. दुपारी, मशीनवर बसलेली असताना. समोरच्या माणसाने नवऱ्याचं पूर्ण नाव घेतलं, थकलेली रक्कम सांगितली आणि विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? संध्याकाळी तो घरी आला तेव्हा तिने आरडाओरडा केला नाही. पाणी दिलं, आणि म्हणाली, "अहो, किती आहे ते एकदाच सांगा. हप्त्या-हप्त्याने सांगू नका."

त्याने दीड लाख सांगितला. दोन दिवसांनी अडीच. चार लाखांचा आकडा बाहेर यायला आठवडा गेला. हा आठवडा सगळ्यांत वाईट. कर्जापेक्षाही हे तुकड्या-तुकड्याने कळणं बायकांना जास्त लागतं, कारण प्रत्येक वेळी आधीचा आकडा खोटा ठरतो. अबोला झाला. ती चार दिवस माहेरी कल्याणला जाऊन आली. परत आली ती वही घेऊन.

[पडद्यावर: पिठाच्या डब्याशेजारी ठेवलेला, वाजणारा फोन]

वसुलीच्या फोनांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण घर हादरतं ते यांनीच. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केलंय: थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. धमकी नाही, शिवीगाळ नाही, चारचौघांत अपमान नाही, घरच्यांच्या आणि मित्रांच्या खासगी आयुष्यात घुसायचं नाही. नियम असा आहे. फोन त्यानंतरही येतात, ही गोष्ट वेगळी.

म्हणून या घराने एक ठरवलं. बँकेचा फोन फक्त नवरा घेणार. आईंनी किंवा मुलीने चुकून उचलला तर एकच वाक्य बोलायचं, "लेखी पाठवा," आणि ठेवून द्यायचा. वेळ आणि नंबर वहीत लिहायचा. तक्रार आधी बँकेकडे लेखी करायची, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. आणखी एक गोष्ट बायकोने सासूबाईंना दोनदा समजावून सांगितली. कार्ड ज्याच्या नावावर, देणं त्याचं. बायको आणि आई जामीन नसतील तर त्यांच्याकडे कुणी वसुली मागू शकत नाही. नुसतं कार्ड थकलं म्हणून पोलीस घरी येत नाहीत. दिलेला चेक वटला नाही तर मात्र मामला निराळा, म्हणून दडपणाखाली चेक लिहून द्यायचा नाही.

आईंची भीती यानंतरही गेली नाही. ऑपरेशन माझंच होतं, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. त्या चहा अर्धा कप घ्यायला लागल्या. गुडघ्याच्या गोळ्या एका दिवसाआड घेतायत हे नातीच्या लक्षात आलं, तेव्हा घरात जे भांडण झालं ते चार लाखांवरून झालेल्या कुठल्याही भांडणापेक्षा मोठं होतं. त्यानंतर औषधांची ओळ वहीत सर्वांत वर गेली, हप्त्यांच्याही वर.

[पडद्यावर: दागिने तोलणारा काटा]

पाटल्यांचं बोलणं सुनेनेच काढलं. इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. स्त्रीधन बायकोचं असतं. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा सांगितलं: नवऱ्याचा त्यावर हक्क नाही, अडचणीत वापरलं तर परत करणं ही त्याची नैतिक जबाबदारी आहे. आपल्याकडे सोनं गहाण टाकताना बायकोला विचारतात, पण परत कधी आणणार हे फार क्वचित लिहून देतात. हिने लिहून घेतलं. वहीच्या पहिल्या पानावर, तारीख घालून. नवऱ्याला ते झोंबलं. झोंबू दे.

सोन्यावर दीड लाख मिळाले. अडीच लाखांसाठी पतसंस्था. जामीनदारांसमोर तो कसा गेला, हे तो घरी कधी नीट सांगत नाही. एवढंच सांगतो की पहिल्याने लगेच सही केली, आणि दुसरा म्हणाला, "अरे, माझीपण दोन कार्डं आहेत." दोघं एकाच खात्यात, आठ वर्षं एकाच डब्यातून जेवणारे.

आता हिशेब परत मांडू. अडीच लाख, १२ टक्के, तीन वर्षं: हप्ता ८,३०४ रुपये, तोही पगारातूनच कापला जाणारा, म्हणजे चुकायची सोय नाही. सोन्यावरचं व्याज महिन्याला १,२५०. दोन्ही मिळून ९,५५४. कार्डांवर याआधी नुसतं व्याज आणि कर मिळून १६,५२० जात होते. माणूस तोच, पगार तोच, चार लाखही तेच. फरक पडला तो तीन-चार माणसांना खरं सांगितल्याने.

बँकेच्या सेटलमेंटचा पर्यायही आला होता. एकरकमी अमुक द्या, बाकी सोडतो. ज्याच्याकडे खरंच काही उरलेलं नाही, त्याला तो घ्यावाच लागतो. पण क्रेडिट रिपोर्टमध्ये मग खातं बंद असं न दिसता 'सेटल्ड' असं दिसतं, आणि पुढची काही वर्षं कर्ज मागायला गेलं की ते समोर येतं. यांनी पूर्ण भरलं आणि नो ड्यूज सर्टिफिकेट मागून घेतलं.

खरा घात इथून पुढे होतो. कार्डं रिकामी होतात, लिमिट पुन्हा हिरवं दिसायला लागतं, आणि कर्ज फेडायला घेतलेल्या कर्जाच्या डोक्यावर नवं कर्ज चढतं. अशी घरं पुष्कळ आहेत. म्हणून दोन कार्डं बंद केली. बंद करायचा अर्ज दिला की, देणं शिल्लक नसेल तर, बँकेने सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला. हाही २०२२ चाच नियम. फोनवरची मुलगी गोड आवाजात वार्षिक फी माफ करत राहिली, लिमिट वाढवते म्हणाली. तिसरं कार्ड ठेवायचं की नाही यावर अजून एकमत नाही. सध्या ते आईंच्या कपाटात, साड्यांखाली आहे.

[पडद्यावर: गणपतीची आरास, मुलांचे आवाज]

मुलांना काय सांगायचं? चौथीतल्याला फारसं काही नाही. नववीतलीला सगळं, आकड्यासकट, कारण तिला अर्धवट आधीच माहीत होतं आणि अर्धवट माहितीवर मुलं फार भयंकर गोष्टी रचतात. ती आठ दिवस गप्प होती. मग तिने क्लास सोडते म्हणून सांगितलं. आई-बाबांनी नाही म्हटलं. सहलीला जात नाही म्हणाली, त्याला मात्र कुणी नाही म्हटलं नाही. ते तिच्या लक्षात राहील. याला उपाय नाही.

नातेवाईकांत बातमी गेलीच. चुलतदिराच्या लग्नात आहेर म्हणून पाकीट दिलं, नेहमीपेक्षा हलकं. एका मावशींनी ऐकवलं. गणपती दीड दिवसांचा केला, आधी पाच दिवसांचा असायचा. आईंना ते जड गेलं, पण गुरुजींनीच सांगितलं, "दीड दिवसही शास्त्राला धरूनच आहे हो." मग त्या मुकाट्याने उकडीच्या मोदकांच्या तयारीला लागल्या.

दिवाळीला बोनस आला. बाजूला टाकत गेलेले पैसे मिळून एक लाखाच्या वर रक्कम जमली. यावर पुन्हा वही उघडली. पतसंस्थेचं कर्ज १२ टक्क्यांचं, सोन्याचं १० टक्क्यांचं. हिशेबाने आधी बारावालं कमी करायला हवं. नवरा तेच म्हणत होता, मुलीने मोबाइलवर काढून दाखवलं तेही तेच. बायको काही बोलली नाही, तिने पहिलं पान उघडून समोर ठेवलं. आई म्हणाल्या, "आधी पाटली."

एक पाटली सुटली. व्याजात वर्षाला हजार-दीड हजारांचं नुकसान झालं असेल. दुसरीची तारीख पुढच्या अक्षय्य तृतीयेची लिहिली आहे, नवऱ्याच्या अक्षरात. पतसंस्थेचे हप्ते अजून दोन वर्षं चालतील.