कंटेम्पररीतली गोष्ट पाठीत शोधा: डनहॅम, लिमोन आणि एली

नमस्कार मंडळी! गेले कित्येक आठवडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "ताई, कंटेम्पररी डान्समध्ये स्टोरी कशी सांगायची?" कुणाची युवा महोत्सवाची तयारी चालू आहे, कुणाला ऑडिशनसाठी दीड मिनिटाचा सोलो बसवायचाय. सोबत तुम्ही जे व्हिडिओ पाठवता, त्यांतल्या बहुतेकांत एकच गोष्ट दिसते. गाण्यात पाऊस आला की बोटं वरून खाली. मन आलं की हात छातीवर. आई आली की कडेवर बाळ. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत चेहरा रडवेला. अहो, गाण्याचे शब्द प्रेक्षकाला ऐकू येतायत! तेच हातांनी पुन्हा सांगून गोष्ट पुढे सरकत नाही.

म्हणून आज तीन माणसांबद्दल बोलू. कॅथरिन डनहॅम, होसे लिमोन आणि अल्विन एली. दोघं आफ्रिकी वंशाचे अमेरिकन, एक मेक्सिकोतून लहानपणी अमेरिकेत आलेला. तिघांनीही आपल्या लोकांच्या गोष्टी नाचातून सांगितल्या, आणि त्यांचं काम नीट पाहिलं की गोष्ट कुठून येते ते समजतं. ती पाठीतून येते. माकडहाडापासून मानेपर्यंत.

मॉडर्न आणि कंटेम्पररी यांतला फरक झटपट सांगते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॅलेची चौकट सोडून अमेरिका-जर्मनीत जे उभं राहिलं ते मॉडर्न, आणि पुढच्या पिढ्यांनी ते आणखी मोकळं केलं ते कंटेम्पररी. वॉर्मअप करा, अनवाणी नाचा, गुडघ्यांना पॅड लावा. हे तुम्हाला माहीतच आहे.

आता डनहॅम. जन्म 1909. शिकागो विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकणारी ही मुलगी 1935 साली शिष्यवृत्ती घेऊन कॅरिबियन बेटांवर गेली. जमैका, मार्टिनिक, त्रिनिदाद आणि हैती. मार्टिनिकमध्ये तिने आग्या हा झुंजीचा नाच पाहिला आणि त्यावरून 1938 मध्ये शिकागोत 'लाग्या' ही नृत्यनाटिका बसवली. पण आपल्या कामाची गोष्ट हैतीतली आहे. तिथल्या व्होडू या धर्मपरंपरेत दांबाला नावाचा सर्पदेव आहे आणि त्याच्याशी जोडलेला नाच आहे, यानवालू. मुळं पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमेकडे, म्हणजे आजच्या बेनिनकडे जातात. गुलाम करून समुद्रापार नेलेल्या माणसांनी जो नाच अंगात जपून नेला, त्यातली मुख्य गोष्ट काय? कण्यातून जाणारी लाट.

ही लाट आपण नीट करू, कारण सगळ्यांचं घोडं इथेच अडतं.

[कॅमेरा बाजूने]

पाय खांद्यांएवढ्या अंतरावर. गुडघे वाकवा, चांगले वाकवा. धड कमरेतून पुढे झुकवा आणि तळवे गुडघ्यांच्या जरा वर मांड्यांवर ठेवा. आता लाट माकडहाडापासून सुरू करा. माकडहाड आत ओढलं जातं, मग कंबर गोल होते, मग पाठीचा मधला भाग, मग खांद्यांच्या पात्यांमधली जागा, मग मान. डोकं शेवटी. डोकं सगळ्यात शेवटी! लाट वर पोचेपर्यंत खाली माकडहाड पुन्हा मागे निघालेलं असतं, म्हणून ती कुठे थांबत नाही.

चुका कुठे होतात? पहिली म्हणजे डोकं आधी हलवणं. हनुवटी पुढे-मागे झाली की पाहणाऱ्याला वाटतं लाट झाली, पण पाठ फळीसारखी सरळच असते. दुसरी, गुडघे ताठ. मग सगळा भार कमरेच्या खालच्या दोन-तीन मणक्यांवर येतो आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरते. तिसरी, खांदे कानांपर्यंत चढवणं. तिथे लाट अडते आणि मानेपर्यंत पोचतच नाही.

जमत नसेल तर उभं राहून करूच नका. हात आणि गुडघे जमिनीवर टेका, मार्जारासनासारखे. फरक एवढाच की सगळी पाठ एकदम वर-खाली न करता मणके एकामागून एक हलवायचे. खालून वर यायला आठ मात्रा घ्या. आठात जमलं की चार, मग दोन. आठात न जमता दोनात कराल तर तो झटका होईल.

ठेक्याचं काय? बरेच जण हे चार-चारच्या मोजणीवर करतात आणि म्हणतात, काहीतरी अडखळतंय. यानवालूत एका ठोक्यात तीन मात्रा आहेत. दादरा डोक्यात ठेवा, लगेच सोपं होईल. हैतीत हे तीन ढोलांवर चालतं, आणि सोबत लोखंडी घंटा वाजते. घंटेकडे कान ठेवा, पाठ आपोआप गोलाईत येते.

इथे मनापासून एक सांगायचंय. मागच्या वेळी यानवालूचा उल्लेख केला तेव्हा कुणीतरी लिहिलं, "मस्त, यावर चेहरे रंगवून, पानांचे घागरे घालून रील करू." कृपा करून करू नका. हा लोकांच्या देवाचा नाच आहे. डनहॅमने तो लांबून उचलला नाही. ती तिथे राहिली, विचारत गेली, व्होडूची दीक्षा घेतली आणि मग त्यातून स्वतःची शिकवण्याची पद्धत उभी केली. बारवरचे, म्हणजे आडवी दांडी धरून करायचे व्यायाम, मान-खांदे-छाती-कंबर सुटी सुटी हलवायचा सराव, आणि सोबत ढोल. तुम्ही सरावासाठी लाट शिका, नाव घेऊन शिका, कुणाची आहे ते सांगा. आणि 'आफ्रिकन डान्स' असा एक कुठला नाच नाहीये. सेनेगलचा साबार वेगळा, बेनिनचं वेगळं, हैतीत पोचल्यावर झालं ते आणखी वेगळं.

आता हीच लाट दुसऱ्या बाजूने बघू.

अल्विन एली. जन्म 1931, टेक्सासमधलं रॉजर्स. लहानपण गरिबीचं, कापूस वेचणाऱ्या माणसांचं आणि रविवारच्या चर्चचं. पुढे आईबरोबर लॉस एंजेलिसला आला, तिथे डनहॅमच्या कंपनीचा प्रयोग पाहिला आणि लेस्टर हॉर्टन या मॉडर्न नृत्याच्या गुरूकडे शिकला. 1958 मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःची कंपनी काढली आणि 31 जानेवारी 1960 ला त्याचं 'रेव्हिलेशन्स' हे नृत्य पहिल्यांदा झालं. आज ते साधारण छत्तीस मिनिटांचं आहे. तीन भाग आहेत, आणि सगळं संगीत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांचं. लहानपणीच्या चर्चच्या आणि बाप्तिस्म्याच्या, म्हणजे पाण्यात बुडवून ख्रिस्ती दीक्षा देण्याच्या, आठवणींतून त्याने हे बसवलं.

पहिला नाच बघा. नऊ जण मध्यभागी दाटीने उभे, अंगावर मातीच्या रंगाचे कपडे. गाण्याचा अर्थ असा की मला हिणवलंय, माझा छळ झालाय. आपल्याकडच्या सवयीने कुणी बसवलं असतं तर एक मारणारा आला असता, एक मार खाणारा आला असता. इथे कुणीच कुणाला मारत नाही. पाय लांब फाकलेले, गुडघे खोल वाकलेले, अंगाचा भार जमिनीत गेलेला, आणि त्याच वेळी हात पंखांसारखे वर, बोटं ताणून उघडलेली. खालचं अंग जमिनीकडे ओढलं जातंय आणि वरचं आकाशाकडे. छळ या ताणात दिसतो. पाय जवळ घेऊन तेच हात वर करून बघा. नुसती सुंदर पोझ होते, गोष्ट जाते.

मग मधल्या भागात पाण्याचा प्रसंग येतो. पांढरे कपडे, एका बाईच्या हातात मोठी पांढरी छत्री, आणि रंगमंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेलं निळं-पांढरं कापड, विंगेतून हलवलेलं. नदी झाली. या नदीतून ते चालतात तेव्हा त्यांच्या धडाकडे बघा. तीच लाट! हैतीतल्या सर्पदेवाच्या नाचातली लाट टेक्सासच्या बाप्तिस्म्याच्या पाण्यात आली आहे. हात वापरून पाणी दाखवायची गरजच उरत नाही, पाणी त्यांच्या कण्यातून वाहतं. मी लाटेवर एवढी हटून बसले आहे ती म्हणूनच. डोकं आधी हललं असतं तर ही नुसती मान डोलावत चाललेली माणसं दिसली असती.

त्याच भागात एका पुरुषाचा सोलो आहे, जवळजवळ सगळा जमिनीवर. मरणाची तयारी करणारा माणूस. त्यात हॉर्टन पद्धतीचा एक तोल आहे, ज्यात माकडहाडावर बसून पाय आणि हात जमिनीवरून सोडायचे असतात. तुम्ही करता तेव्हा काय होतं ते सांगते. कंबर खचते, पाठ पोत्यासारखी गोल होते, मांड्या थरथरतात आणि श्वास अडकतो. आधी गुडघे वाकलेले ठेवा, पोटाचा खालचा भाग आत घ्या, डोक्याची टाळू वर ओढा आणि पाय उचलताना श्वास सोडा. मांडीच्या वरच्या बाजूला पेटका आला तर समजा की पोट काम करत नाहीये.

एलीचीच आणखी एक रचना, 'क्राय', 1971. त्याच्या कंपनीतल्या ज्युडिथ जेमिसन या नर्तिकेसाठी केलेला साधारण सोळा मिनिटांचा सोलो, त्याच्या आईला वाढदिवसाची भेट. हातात एक लांब पांढरं कापड. ते अंगावर पांघरलं जातं, त्यानेच फरशी पुसली जाते, तेच ओझं होतं. फरशी पुसतानाचा प्रसंग बघा. हात पुसतायत, पण थकवा खांद्यांच्या पात्यांमध्ये आहे. ओढणी घेऊन सोलो बसवणाऱ्यांनी हे दहा वेळा बघावं. तुम्ही ओढणी हवेत भिरकावता, ती छान फुलते आणि सगळं लक्ष ओढणीकडे जातं. आधी ती ओली आहे असं धरा. ओल्या कापडाला वजन असतं, ते उचलताना पाठ वाकते.

आता तिसरी बाजू, होसे लिमोन. जन्म 1908, मेक्सिकोतलं कुलियाकान. क्रांतीच्या धामधुमीत कुटुंब 1915 मध्ये अमेरिकेत आलं. न्यूयॉर्कला मॉडर्न नृत्यातल्या डोरिस हम्फ्रीकडे तो शिकला आणि तिचं पडणं-सावरण्याचं तत्त्व पुढे स्वतःचं केलं. 1949 मध्ये त्याने 'द मूर्स पाव्हान' बसवलं. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोची, म्हणजे बायकोवर संशय घेणाऱ्या मूरची गोष्ट, पण नर्तक फक्त चार, संगीत पर्सेल या जुन्या इंग्रज संगीतकाराचं आणि वस्तू एकच, रुमाल. चौघं दरबारी नाचाच्या वर्तुळात हात धरून फिरतात, मधूनच वर्तुळ फाटतं, दोघं बाजूला होतात, मित्र मूरच्या कानाशी लागतो, आणि पुन्हा सगळे वर्तुळात येतात. दर वेळी रीत तीच, पण आतला संशय वाढलेला. आणि मूरचा संशय कुठे दिसतो? पाठीत. वजन कधी धरून ठेवलंय, कधी सुटलंय, त्यात.

वजन सोडणं करून बघा. पाय समांतर, हात वर, श्वास आत. श्वास सोडत आधी डोकं पडू द्या, मग मान, छाती, कंबर, आणि त्याच वेळी गुडघे सैल. लाटेच्या उलट आहे बरं का, इथे डोकं पहिलं. खाली पोचलं की मऊ उसळी येते, त्या उसळीवर वर या आणि वर पोचल्यावर क्षणभर लटकत राहा. चूक एकच, पण सगळे करतात. डोकं 'पडत' नाही, तुम्ही ते खाली नेऊन 'ठेवता'. ओळखायचं कसं? खाली पोचल्यावर हात बघा. वजन खरंच सोडलं असेल तर ते थोडा वेळ झुलत राहतात. जागच्या जागी थांबले तर तुम्ही ठेवलंय. ज्यांना मणक्याचा त्रास आहे त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

"हे सगळं जुनं झालं, आजचं कोण आहे?" असंही विचारलंय. कॅमिल ए. ब्राउन बघा, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली नृत्यदिग्दर्शिका. 2015 ची तिची 'ब्लॅक गर्ल: लिंग्विस्टिक प्ले' कृष्णवर्णीय मुलींच्या खेळांतून उभी राहते, म्हणजे दोन दोरांवरच्या उड्या आणि टाळ्यांचे खेळ. आपल्या झिम्म्याची आठवण येतेच. त्यात पायांचे आणि टाळ्यांचे ठेके आहेत, त्यांची मुळं जुबात, म्हणजे अंगावरच ठेका वाजवत करायच्या गुलामांच्या नाचात आहेत. साउथ कॅरोलिनात 1740 च्या कायद्याने गुलामांना ढोल वाजवायला बंदी केली होती, तेव्हा ठेका मांड्यांवर, छातीवर, टाचांवर आला. हे कळल्यावर टाळी नुसती टाळी राहत नाही.

आणि "कंटेम्पररीला बॅले यायलाच हवं का?" यावर माझं उत्तर नाही असंच आहे. बॅलेने पाय आणि रेषा सुधारतात, जरूर शिका. पण सेनेगलला तूबाब दियालॉ गावात नर्तिका जर्मेन अकोन्यींची नृत्यशाळा आहे. जन्म बेनिनचा, वाढल्या सेनेगलमध्ये. त्या छातीला सूर्य म्हणतात, नितंबांना चंद्र आणि ओटीपोटाखालच्या भागाला तारे. तिथेही सुरुवात कण्यापासूनच होते.

तर या आठवड्यात गाणं लावूच नका. मोबाईल बाजूने, कंबरेच्या उंचीवर लावा, अंगाला बसणारा टीशर्ट घाला म्हणजे पाठ दिसेल. दहा वेळा लाट, आठ मात्रांत. दहा वेळा वजन सोडणं. मग व्हिडिओ अर्ध्या वेगाने बघा आणि हाताच्या पंजाने स्क्रीनवरचा चेहरा झाका. चेहरा झाकून जे दिसतंय, तेवढंच मला पाठवा.